आवडता बँड मित्रांना ऐकवताना

पत्राचा सारांश : अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील जर्सी सिटीत राहणारे, मूळचे नाशिकचे एक वाचक लिहितात की, सहा मराठी संगीतप्रेमींचा त्यांचा गट दर महिन्याला एडिसनमधील एका मित्राच्या बेसमेंटमध्ये जमतो आणि आळीपाळीने एकेक जण आपल्या आवडीचे संगीत तासभर ऐकवतो. गटात मल्लिकार्जुन मन्सूर आणि लांबलचक वादनासाठी ओळखला जाणारा अमेरिकी रॉक बँड ग्रेटफुल डेड सारख्याच प्रेमाने ऐकणारे, ऐंशीच्या दशकात अमेरिकेत आलेले नाना आहेत, भावगीते आणि जुनी हिंदी चित्रपटगीते तोंडपाठ असलेल्या एक ताई आहेत, रेडिओहेड या ब्रिटिश रॉक बँडचा एक निस्सीम चाहता आहे, हौसेने तबला वाजवणारा एक मित्र आहे आणि घरमालक यजमान आहेत. आपली पाळी आल्यावर या वाचकांनी ‘यो ला टेंगो’ हा शेजारच्या होबोकनचा इंडी रॉक (मोठ्या कंपन्यांबाहेरच्या छोट्या लेबलांचे रॉक) वाजवणारा बँड निवडला. आठवडाभर आधी त्यांनी गटाला लांबलचक टिपण आणि सगळ्या अल्बमच्या लिंक पाठवल्या. बैठकीत त्यांनी आधी ‘पास द हॅचेट, आय थिंक आय ॲम गुडकाइंड’ आणि नंतर ‘ब्लू लाइन स्विंगर’ ही गाणी लावली. चौथ्या मिनिटाला गप्पा सुरू झाल्या, नानांनी ‘हा माणूस गातो आहे की कुजबुजतो आहे?’ असे विचारले, मग चहा आला आणि चहानंतर कुणीतरी रेडिओहेड लावले. (निघताना तबलजी मित्राने दुसऱ्या गाण्यातील ड्रम्स कोणाचे, एवढे विचारले.) ‘या बँडला फारसे कुणी ओळखत नाही हेच त्याचे सौंदर्य आहे,’ असे लिहून वाचक विचारतात : या लोकांना संगीत खरोखर कळते का? पुन्हा प्रयत्न करावा, की आपली आवड आपल्यापाशी ठेवून गटात जाणेच थांबवावे?

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही कंसात टाकले आहे, म्हणून मी उत्तराची सुरुवात तिथूनच करते. तबला वाजवणाऱ्या तुमच्या मित्राने ड्रम्स कोणाचे असे विचारले, तुम्ही ‘जॉर्जिया हब्ली’ एवढे सांगितले असेल आणि मनातल्या मनात त्या संध्याकाळचा हिशेब मांडत गाडीकडे निघाला असाल. ‘ब्लू लाइन स्विंगर’ हे नऊ मिनिटांहून मोठे गाणे आहे. त्यात सुरुवातीची काही मिनिटे ठेका धड बसतच नाही. ड्रम्स आपली जागा चाचपडत राहतात, भोवती ऑर्गन आणि गिटारचा आवाज साचत जातो आणि बऱ्याच वेळाने सगळे एकदम लयीत येते. समेची वाट पाहण्याची सवय असलेल्या माणसाने ते पूर्ण ऐकले आणि घरी जाण्यापूर्वी वाजवणाऱ्याचे नाव विचारून घेतले, याला आपल्याकडे दाद म्हणतात. तुम्ही मात्र पाचही जणांकडून एकाच वेळी, एकाच प्रकारच्या दादेची अपेक्षा ठेवून बसला होता आणि म्हणून जी मिळाली ती तुमच्या लक्षात आली नाही.

आता तुमच्या रागाकडे वळू. ‘एवढे तयार कान असलेल्या लोकांना हा बँड आवडायलाच हवा’ हे तुम्ही गृहीत धरले आहे. माझा अनुभव याच्या उलट आहे. तयार कान कशासाठी तरी तयार झालेला असतो आणि त्या तयारीमुळेच काही गोष्टी त्याला चटकन खटकतात. नानांचे उदाहरण घ्या. मन्सूरांच्या गायनात आवाज पुढे असतो, खुला असतो आणि तबला, सारंगी, हार्मोनियम त्याच्या संगतीला असतात. यो ला टेंगोच्या ध्वनिमुद्रणांत आवाजाला हे मानाचे स्थान नाही. बँडचा गिटारवादक आयरा कॅप्लन अनेकदा खालच्या पट्टीत, बोलल्यासारखा गातो, जॉर्जिया हब्ली तर शेजारच्या खोलीत कुणी झोपले असावे अशा बेताने गाते आणि दोघांचेही आवाज गिटार, ऑर्गन आणि बासच्या बरोबरीने, कधी कधी त्यांच्या खालीच, मिसळलेले असतात. तेव्हा ‘गातो आहे की कुजबुजतो आहे’ हा नानांचा प्रश्न खोचक असला तरी अचूक आहे. जे तिथे आहे तेच त्यांनी ऐकले. त्यांना संगीत कळते का, ही शंका त्या प्रश्नानंतर तरी तुम्हाला यायला नको होती. ‘कुजबुजतोच आहे नाना, आणि मुद्दाम; आता पुढच्या गाण्यात पाहा, बराच वेळ आवाजच नाही,’ असे म्हणून तुम्हाला त्यांचा हात धरता आला असता.

निवडीबद्दलही थोडे स्पष्ट बोलावे लागेल. ‘पास द हॅचेट’ हे 2006 च्या अल्बममधील पहिले गाणे मलाही फार आवडते, पण ते पावणेअकरा मिनिटांचे आहे. बासचा एकच तुकडा पहिल्यापासून शेवटपर्यंत फिरत राहतो आणि त्यावर कॅप्लनची गिटार किंचाळते, कण्हते, फिडबॅकच्या घोंगावत्या आवाजात हरवते आणि परत येते. ज्याला हा बँड आधीच ठाऊक आहे, त्याला या गाण्यात घरी आल्यासारखे वाटते. नवख्याला मात्र एवढेच दिसते की, बास पुढे सरकत नाही आणि गिटार सुरात येत नाही. त्यापाठोपाठ तुम्ही नऊ मिनिटांचे दुसरे गाणे लावले. म्हणजे तासातली पहिली वीस मिनिटे तुम्ही पाहुण्यांना बँडच्या सर्वांत अवघड दारातून आत घ्यायचा प्रयत्न करत होता. मला वाटते, यात नकळत एक परीक्षाही होती : या दारातून जो येईल तो आपला. अशी परीक्षा घेण्याचा मोह प्रत्येक कट्टर चाहत्याला होतो. परीक्षार्थींना आपण परीक्षेला बसलो आहोत हे ठाऊक नसते, एवढीच त्यातली अडचण.

या बँडची खरी गंमत अशी की, त्याला दारे पुष्कळ आहेत. 1984 मध्ये होबोकनला कॅप्लन आणि हब्ली या जोडप्याने तो सुरू केला, नव्वदच्या दशकाच्या आरंभी जेम्स मॅकन्यू बास घेऊन त्यात आला आणि तेव्हापासून हे तिघेच आहेत. एवढ्या काळात त्यांनी कानठळ्या बसवणारे गिटार-रॉकही केले आणि रात्री उशिरा शेजाऱ्यांना त्रास न देता ऐकता येईल असे संगीतही केले. बोसानोव्हा या ब्राझिलियन शैलीच्या वळणाची गाणी केली, निव्वळ वाद्यसंगीत केले आणि इतरांची गाणी तर किती केली याला गणती नाही. 1997 च्या ‘आय कॅन हिअर द हार्ट बीटिंग ॲज वन’ या एका अल्बममध्येच हे बहुतेक सगळे सापडते. असा बँड ‘ऐका’ म्हणून सांगणे म्हणजे काहीच न सांगण्यासारखे आहे. ऐकवायचे असते ते एक गाणे, आणि तेही एका माणसाला. गटाला केलेली शिफारस कुणाचीच नसते. व्हॉट्सॲपच्या गटावर पडलेल्या वीस लिंक पाहून प्रत्येक जण ‘दुसरा कुणीतरी ऐकेल’ असे म्हणून पुढे सरकतो. लग्नाच्या पंगतीत आग्रह करणारा चांगला वाढपी प्रत्येक पानाकडे पाहून, काय संपले आहे ते बघून वाढतो. तुम्ही पातेलेच पंगतीच्या मध्यभागी आणून ठेवले.

तेव्हा नानांपासून सुरुवात करू. त्यांच्या आवडीत ग्रेटफुल डेड आहे, म्हणजे लांब पल्ल्याच्या वाद्यवादनाला ते बिचकणारे नाहीत. त्यांची अडचण आवाजाशी आहे. त्यांना 1993 च्या ‘पेनफुल’ अल्बममधील शेवटचे गाणे ‘आय हर्ड यू लुकिंग’ ऐकवा. त्यात गायन अजिबात नाही. गिटारचा एक साधा, गुणगुणता येईल असा तुकडा सात मिनिटे फिरत राहतो आणि दर फेरीला थोडा अधिक तापत जातो. ते त्यांना रुचले तर त्याच अल्बममधील ‘बिग डे कमिंग’ दोन्ही रूपांत, एकापाठोपाठ एक लावा. हे गाणे अल्बमच्या आरंभी संथ, जवळजवळ ड्रम्सविना, ऑर्गनच्या लांबलेल्या सुरांवर तरंगत येते आणि शेवटाकडे तेच गाणे गिटारच्या गोंगाटात, दणदणीत ठेक्यावर पुन्हा येते. एकच बंदिश दोन लयींत कशी वेगळी उभी राहते, यावर नाना तुम्हाला अर्धा तास ऐकवतील आणि त्या अर्ध्या तासात तुम्ही गप्प बसायचे आहे.

ताईंसाठी दार अगदीच वेगळे आहे. शब्द आणि चाल यांवर ज्यांचे प्रेम आहे, त्यांना 1990 चा ‘फेकबुक’ द्यावा. त्यात बहुतांश गाणी इतरांची आहेत आणि वाजवणे शांत, अकूस्टिक आहे. त्याहून सोपे म्हणजे 1997 च्या अल्बमचा शेवट करणारे ‘माय लिटल कॉर्नर ऑफ द वर्ल्ड’. 1960 च्या सुमाराचे हे जुने लोकप्रिय गाणे हब्लीने अडीच मिनिटांत कसलाही आव न आणता म्हटले आहे. तिथे तिचा बारीक आवाज उणीव वाटत नाही. एखादी मावशी स्वयंपाक करता करता गुणगुणते तेव्हा तिला तान येते की नाही हे कुणी पाहत नाही, आणि हे गाणे त्याच जातीचे आहे. ताईंना ते आवडले म्हणून ‘पास द हॅचेट’ही आवडेल असे मात्र समजू नका. त्यांनी त्या एका गाण्यावर थांबायचे ठरवले, तर तुमची शिफारस सफल झाली.

रेडिओहेडच्या चाहत्याकडे फार वेळ घालवायला नको. त्याला ‘शुगरक्यूब’ आणि ‘फ्रॉम अ मोटेल 6’ ही दोन गाणी पुरेत, आणि ‘शुगरक्यूब’ची चित्रफीतही दाखवा, कारण तीत रेकॉर्ड कंपनी या तिघांना ‘रॉकस्टार कसे व्हावे’ हे शिकण्यासाठी शाळेत पाठवते आणि ‘बेटर कॉल सॉल’ या मालिकेमुळे आज घरोघरी पोचलेला नट बॉब ओडेनकर्क तिथे मास्तर आहे. या बँडचा स्वभाव कळायला त्या चित्रफितीइतके चांगले टिपण नाही. तबलजी मित्राला ‘ऑटम स्वेटर’ पाठवा : गिटार जवळजवळ बाजूला ठेवून ऑर्गन आणि तालवाद्यांवर बांधलेले हे गाणे आहे. उरले यजमान. त्यांना काय आवडते हे तुम्ही पत्रात लिहिलेलेच नाही. दर महिन्याला ज्यांच्या घरी जाता, ज्यांचा चहा पिता आणि ज्यांच्या स्पीकरवर आपली आवड वाजवता, त्यांची आवड आधी विचारून घ्या.

तुम्ही पाठवलेले टिपण मी पाहिलेले नाही, पण पत्रात त्याचा गोषवारा आहे : कॅप्लन आधी संगीत समीक्षा लिहीत असे, हब्लीचे आईवडील ऑस्कर मिळवलेले ॲनिमेशनपटकार होते, 1993 पासून बँड मॅटाडोर रेकॉर्ड्सकडे आहे, आणि ‘इंडी’ म्हणजे मुळात मोठ्या कंपन्यांबाहेरच्या छोट्या लेबलांचे संगीत असून आज ते एका विशिष्ट ध्वनीचे नाव कसे झाले आहे. सगळे खरे आहे आणि सगळे रंजक आहे, पण ही माहिती ज्याला गाणे आवडून गेले आहे त्याच्यासाठी आहे. आधी दिलेली माहिती ऐकणाऱ्यावर ओझे टाकते. एवढे वाचून झाल्यावर गाणे नुसते ‘बरे’ वाटले, तर त्या बिचाऱ्याला आपणच कुठे तरी कमी पडलो असे वाटू लागते आणि त्या अवघडलेपणातून सुटायला तो चहाकडे वळतो. आधी गाणे, मग कुणी विचारले तर नाव, आणि त्यानंतरही विचारले तर इतिहास, हा क्रम मी कोणत्याही बँडच्या चाहत्याला सांगेन, मग तो पुण्यात दिल्लीचा बँड ‘पीटर कॅट रेकॉर्डिंग कंपनी’ ऐकवू पाहणारा असो की नागपुरात अमेरिकी बँड ‘पेव्हमेंट’ ऐकवू पाहणारा. गाणे सुरू असताना ‘आता ऐक, आता येईल’ असे म्हणायचे नाही. समोरच्याच्या चेहऱ्याकडे पाहायचे नाही. आपल्याकडे कुणी अपेक्षेने पाहत असेल तर माणूस गाणे ऐकतच नाही, चेहऱ्यावर कोणता भाव आणावा याचा विचार करत बसतो.

जागेचाही विचार करा. 2000 मधला ‘अँड देन नथिंग टर्न्ड इटसेल्फ इनसाइड-आउट’ हा अल्बम एका खणखणीत गाण्याचा अपवाद सोडला तर इतका हळुवार आहे की, सहा माणसे आणि चिवड्याच्या वाट्या असलेल्या बेसमेंटमध्ये तो ऐकूच येणार नाही. त्याला रात्रीची गाडी लागते. एडिसनहून जर्सी सिटीकडे परतताना कुणी तुमच्या शेजारी बसले असेल, तर काही न सांगता तो सुरू करा. शेवटचे सतरा मिनिटांचे ‘नाइट फॉल्स ऑन होबोकन’ लागायच्या आत घर आलेले असेल, आणि ते ठीकच आहे. होबोकनला पोचायला तुम्हाला पाथ ट्रेनची काही मिनिटे लागतात, तेव्हा हडसन नदीकाठच्या सिनात्रा ड्राइव्ह या रस्त्यावर एखाद्या मित्राला फिरायला न्यायचे आणि 2023 च्या अल्बममधील ‘सिनात्रा ड्राइव्ह ब्रेकडाउन’ तिथे त्याच्या कानी घालायचे, एवढी चैन तर तुम्हाला सहज करता येईल. पुण्या-मुंबईतल्या चाहत्यांना ही सोय नाही, आणि त्याबद्दल त्यांच्या वतीने मी थोडा मत्सर नोंदवून ठेवते.

आता तुमच्या त्या वाक्याबद्दल. ‘या बँडला फारसे कुणी ओळखत नाही हेच त्याचे सौंदर्य,’ असे तुम्ही लिहिता आणि पुढच्याच परिच्छेदात पाच जणांनी त्याला ओळखले नाही म्हणून गट सोडायला निघता. या दोन्ही गोष्टी एकत्र नांदणार नाहीत. समजा, त्या रात्री पाचही जणांनी उठून टाळ्या वाजवल्या असत्या आणि पुढच्या बैठकीला यजमानांनी बँडचा टी-शर्ट घातला असता, तर तुम्हाला निखळ आनंद झाला असता का? की आत कुठेतरी काहीतरी हातचे गेल्यासारखे वाटले असते? याचे उत्तर मला पाठवायला नको, पण पुन्हा प्रयत्न करण्यापूर्वी ते स्वतःला देऊन ठेवा. इंडी रॉकच्या श्रोत्यांत ही मालकीची भावना जुनी आहे आणि तिच्यात वाईट काही नाही, मात्र ती मनात धरून केलेली शिफारस समोरच्याला जाणवते. ‘हे तुला आवडेल’ आणि ‘हे मला आवडते, बघ तुला झेपते का’ यांतला फरक आवाजाच्या पट्टीवरूनही कळतो.

आणि हा बँड तरी कसा आहे पाहा. तुमच्याच गावात, जर्सी सिटीत, डब्ल्यूएफएमयू नावाचे श्रोत्यांच्या देणग्यांवर चालणारे मुक्त रेडिओ केंद्र आहे. त्याच्या निधिसंकलनासाठी यो ला टेंगोने वर्षानुवर्षे एक उपक्रम केला : श्रोत्याने देणगी द्यायची आणि कोणत्याही गाण्याची फर्माईश करायची, बँडने ते तिथल्या तिथे, तालमीशिवाय वाजवायचे. त्यातले काही प्रकार इतके डळमळीत होतात की हसू आवरत नाही, आणि त्यांतल्या निवडक गाण्यांचा संग्रह 2006 मध्ये त्यांनी ‘यो ला टेंगो इज मर्डरिंग द क्लासिक्स’ या नावाने काढला. दुसऱ्याच्या आवडीला एवढ्या मोकळेपणाने सामोरे जाणाऱ्या लोकांचे तुम्ही चाहते आहात. मग पुढची तुमची पाळी येईल तेव्हा तासाचा पहिला अर्धा भाग फर्माईशींना द्या. प्रत्येकाने तुम्हाला एक गाणे ऐकवायचे, तुम्ही ते नीट ऐकायचे, आणि त्याच्या जवळ जाणारे यो ला टेंगोचे एक गाणे उत्तरादाखल लावायचे. पाच-साडेपाच मिनिटांपेक्षा मोठे गाणे त्या दिवशी नको. नानांचे सात मिनिटांचे ‘आय हर्ड यू लुकिंग’ तेवढे अपवाद. या निमित्ताने रेडिओहेडच्या चाहत्याचेही तुम्ही नीट ऐकाल. पत्रातल्या सुरावरून ते अलीकडे फारसे झालेले दिसत नाही.

प्रत्यक्ष मैफलीबद्दल एवढेच सांगते. होबोकनच्या वॉशिंग्टन स्ट्रीटवरील ‘मॅक्सवेल्स’ या दोनएकशे माणसांच्या छोट्या जागेत हा बँड 2001 पासून हनुका या ज्यू सणाच्या आठ रात्री वाजवत असे. रोज गाणी वेगळी, रोज अचानक येणारे पाहुणे, आणि उत्पन्न धर्मादाय संस्थांना. 2013 मध्ये मॅक्सवेल्स त्या रूपात बंद झाले आणि 2017 मध्ये हा प्रघात मॅनहॅटनच्या बावरी बॉलरूममध्ये पुन्हा सुरू झाला. ध्वनिमुद्रणात कुजबुज वाटणारा आवाज समोर ऐकताना कसा लागतो, हे पाहायला नानांना न्यावेसे तुम्हाला वाटेल, पण या बैठकी बहुधा उभ्याने ऐकायच्या असतात, तेव्हा त्यांच्या गुडघ्यांची आधी चौकशी करा. तबलजी मित्राला मात्र बेधडक न्या, आणि ड्रम्स दिसतील अशा बाजूला उभे राहा.

गट सोडू नका. तुमच्या पत्रात त्या गटाविषयी एकही तक्रार नाही, एका संध्याकाळविषयी आहे. एवढे करूनही पाचांपैकी चौघांना हा बँड आवडला नाही, असे होऊ शकते. नानांनी ‘आय हर्ड यू लुकिंग’ ऐकून ‘ठीक आहे’ म्हटले, तर ते ‘ठीक आहे’ तसेच राहू द्या, त्यावर दुसरे गाणे लावू नका. त्यानंतर पुढचे वर्षभर तरी गटात यो ला टेंगोचे नाव तुम्ही आपणहून काढायचे नाही. कुणी विचारले तर मात्र एकच गाणे, त्या माणसासाठी निवडलेले, आणि तेही खाजगी निरोपात.